विडी-सिगारेट सोडवायची तर आधी ओढणाऱ्याचं ऐका : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तंबाखूमुक्तीचं समुपदेशन करते, आणि मोहीम काढण्याआधी ओढणाऱ्याचं ऐकून घ्या, म्हणजेच ऑडियन्स रिसर्च करा, असं सगळ्यांना सांगते. पोस्टर छापायला निघालेले मंडळाचे कार्यकर्ते, कारखान्यातले कल्याण अधिकारी, आशाताई, एनएसएसची मुलं आणि कधी कधी एखादी घाबरलेली मुलगी किंवा सून, सगळे थोड्याफार फरकाने हेच प्रश्न विचारतात. म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

ऑडियन्स रिसर्च म्हणजे नेमकं काय?

ज्याच्यासाठी मोहीम काढायची, त्याला मोहीम काढण्याआधी नीट समजून घेणं. तो दिवसातली पहिली विडी कधी पेटवतो, कोणाबरोबर, हातात तेव्हा काय असतं, सोडायचा प्रयत्न त्याने केला होता का, कितव्या दिवशी मोडला, आणि त्याला कोणाचं म्हणणं पटतं. हे त्याच्याच तोंडून ऐकायचं, लिहून ठेवायचं, अशा बऱ्याच जणांचं एकत्र मांडून पाहायचं आणि मग काय बोलायचं ते ठरवायचं. मराठीत याला कोणी ‘लक्ष्यगटाचा अभ्यास’ म्हणतं, कोणी ‘श्रोता-संशोधन’. नाव काहीही द्या, क्रम महत्त्वाचा : आधी ऐकणं, मग छपाई. आपल्याकडे बहुतेक वेळा हा क्रम उलटा असतो.

सिगारेट वाईट हे सगळ्यांना माहीत आहे. मग विचारायचं तरी काय?

माहीत आहे, म्हणूनच विचारायचं. २०१६-१७ मध्ये देशभर प्रौढांचं मोठं तंबाखू सर्वेक्षण झालं. त्यात धूम्रपान करणाऱ्यांपैकी ५५.४ टक्के लोकांनी सांगितलं की सोडायचा बेत किंवा विचार आहे. ३८.५ टक्के लोकांनी त्याआधीच्या वर्षभरात एकदा तरी प्रयत्न केला होता. म्हणजे समोरचा माणूस अज्ञानी नाही आणि निगरगट्टही नाही. तो कुठेतरी अडलेला आहे, आणि कुठे अडलाय ते आपण कधी विचारत नाही.

माझे वडील चाळीस वर्षं विडी ओढत होते. घरात येणारा प्रत्येक जण त्यांना फुप्फुसाबद्दल सांगायचा. ते मान डोलवायचे. मी या कामात आल्यावर एकदा, उपदेश न करता, सरळ विचारलं की सकाळची पहिली विडी सोडली तर काय होतं? ते थोडे संकोचले आणि म्हणाले, “अगं, तिच्याशिवाय पोट साफ होत नाही.” इतकी वर्षं आम्ही सगळे छातीबद्दल बोलत होतो आणि त्यांची अडचण पोटात होती. ती खोटीही नव्हती : निकोटिनमुळे आतड्यांची हालचाल वाढते, आणि विडी बंद केल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठाचा त्रास अनेकांना होतो. डॉक्टरांनी त्यांना कोमट पाणी, भाजी-फळं, सकाळचं चालणं आणि ‘हे थोड्या दिवसांचं आहे’ एवढं समजावलं. ‘विडी सोडल्यावर पोटाचं काय?’ असं पोस्टर मी तोवर कुठेही पाहिलं नव्हतं. त्यानंतर ज्या ज्या वस्तीत विडी ओढणाऱ्या वयस्क माणसांशी बोलले, तिथे हेच उत्तर पुन्हा पुन्हा ऐकलं.

हे जाहिरातवाल्यांचं तंत्र नाही का? समाजसेवेत ते कशाला?

तंत्र त्यांचंच आहे, आणि तंबाखू कंपन्यांनी ते आपल्या कितीतरी आधी वापरलं. १९२९ मध्ये अमेरिकन टोबॅको कंपनीसाठी काम करणाऱ्या एडवर्ड बर्नेजने न्यूयॉर्कच्या ईस्टर मिरवणुकीत बायकांना उघडपणे सिगारेट ओढायला लावल्या आणि सिगारेटला ‘स्वातंत्र्याची मशाल’ म्हटलं. त्याआधी त्याने एका मनोविश्लेषकाला विचारून घेतलं होतं की बाईच्या मनात सिगारेट म्हणजे काय असतं. मार्लबोरो ही आधी बायकांची सौम्य सिगारेट म्हणून विकली जायची. १९५० च्या दशकात तीच काउबॉयच्या हातात देऊन मर्दानी केली गेली. पाकिटातला माल धुराचाच राहिला, विकली गेली ती ओढणाऱ्याची स्वतःबद्दलची प्रतिमा. अमेरिकेत १९९० च्या दशकातल्या खटल्यांमधून कंपन्यांची लाखो पानं उघड झाली, तेव्हा तरुणांच्या मनाचा त्यांनी किती बारकाईने अभ्यास केला होता ते जगाला दिसलं.

सिगारेट लागावी म्हणून माणसाचं मन इतकं वाचलं गेलं असेल, तर ती सुटावी म्हणून आपण निदान तेवढं तरी वाचायला हवं. यात मला संकोच वाटत नाही.

याचा उपयोग खरंच कुठे झाला आहे?

चार उदाहरणं देते. चौथं आपल्या जवळचं आहे.

ऑस्ट्रेलियाने १ डिसेंबर २०१२ पासून सगळी सिगारेटची पाकिटं एकाच साध्या रूपात विकायला लावली. त्यावर ना चिन्ह, ना कंपनीचा रंग. मग रंग कोणता द्यायचा? हे अधिकाऱ्यांनी खोलीत बसून ठरवलं नाही. बाजार-संशोधन करणाऱ्या संस्थेकडून अभ्यासांची मालिका करून घेतली, त्यात हजारावर धूम्रपान करणाऱ्यांना वेगवेगळे रंग दाखवले आणि काय वाटतं ते विचारलं. सर्वांत नकोसा ठरला एक मळकट, हिरवट झाक असलेला गडद तपकिरी. पाहणाऱ्यांना तो घाण, डांबर, मरण यांची आठवण करून देत होता. सुरुवातीला सरकारी भाषेत त्याला ‘ऑलिव्ह ग्रीन’ म्हटलं गेलं, तेव्हा तिथल्या ऑलिव्ह उत्पादकांनी हरकत घेतली आणि नाव बदलावं लागलं. मला हे उदाहरण आवडतं, कारण रंगासारखी किरकोळ वाटणारी गोष्टही त्यांनी ओढणाऱ्यालाच विचारली.

अमेरिकेत २०१२ च्या मार्च ते जून अशी बारा आठवडे ‘टिप्स फ्रॉम फॉर्मर स्मोकर्स’ ही मोहीम चालली. जाहिरातीत डॉक्टर नव्हते, नट नव्हते. पाय कापावा लागलेले, गळ्यात भोक पडलेले खरे माजी धूम्रपानी होते आणि ते आपला रोजचा दिवस दाखवत होते : सकाळी उठून आवरताना काय काय करावं लागतं. भर मरणावर नव्हता, आजार घेऊन जगण्यावर होता. “एक दिवस मरायचंच आहे” असं म्हणणारा माणूसही “दुसऱ्याने आंघोळ घालायची” या विचाराने थबकतो, हे मीही रोज पाहते. जाहिरातीखाली मोफत हेल्पलाइनचा नंबर किंवा मदतीची वेबसाइट दिलेली होती. त्या बारा आठवड्यांत त्या नंबरवरचे फोन १३२ टक्क्यांनी वाढले. नंतरच्या मूल्यमापनात अंदाज निघाला की सुमारे १६ लाख जास्तीच्या लोकांनी सोडायचा प्रयत्न केला आणि त्यातल्या एक लाखांची तरी कायमची सुटेल.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ‘स्टॉपटोबर’ सुरू झालं. त्यांनी ‘कायमची सोडा’ असं म्हटलंच नाही. ऑक्टोबरमध्ये २८ दिवस थांबा, सगळे मिळून थांबूया, असं म्हटलं. आधार हा की जो २८ दिवस काढतो, त्याची कायमची सुटण्याची शक्यता पाचपट असते. पहिल्याच वर्षी सुमारे साडेतीन लाख जास्तीचे प्रयत्न या मोहिमेमुळे झाल्याचा अंदाज आहे. ‘आयुष्यभर’ हा शब्द ऐकून छातीत धस्स होणाऱ्यासाठी ‘चार आठवडे’ हा शब्द किती हलका असतो! आपल्याकडे श्रावण पाळणारी, चातुर्मासात कांदा-लसूण सोडणारी माणसं घरोघरी आहेत. ठरावीक मुदतीचा नेम धरणं आपल्याला शिकवावं लागत नाही. एका गावात एका आजोबांनीच मला सुचवलं की वारीच्या दिवसांत मी विडीला हात लावत नाही, तिथून पुढे मोजायला लावा.

चौथं उदाहरण बिहारचं. तिथल्या ७२ सरकारी शाळांमध्ये २००९ ते २०११ या काळात शिक्षकांची तंबाखू सोडवण्याचा अभ्यास झाला. त्यात नवी मुंबईची हीलिस सेखसरिया संस्था भागीदार होती. कार्यक्रम आखण्याआधी शिक्षकांशी भरपूर बोलणं झालं. शिक्षक हा गावासमोरचा आदर्श असतो ही जाणीव त्यांना स्वतःलाच होती आणि बोचतही होती. म्हणून कार्यक्रम ‘रोगी सुधारा’ असा न बांधता ‘तंबाखूमुक्त शिक्षक, तंबाखूमुक्त समाज’ असा बांधला. पुढाकार शाळेतल्याच एका शिक्षकाकडे दिला आणि मुख्याध्यापकांना सोबत घेतलं. कार्यक्रम संपला तेव्हा त्याआधीचे ३० दिवस तंबाखूला न शिवलेले शिक्षक कार्यक्रमाच्या शाळांत ५० टक्के होते, इतर शाळांत १५ टक्के. नऊ महिन्यांनी, सलग सहा महिने दूर राहिलेल्यांचं प्रमाण १९ आणि ७ टक्के होतं. आकडे खाली आले हे लपवायचं कारण नाही. सुटणं आणि सुटलेलं टिकणं ही दोन वेगळी कामं आहेत.

महाराष्ट्रात आधी कोणाशी बोलावं?

आधी आकडे पाहा, कारण इथे आपला अंदाज हमखास चुकतो. त्याच २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रात २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते. एकूण प्रौढांपैकी ओढणारे फक्त ३.८ टक्के. तोंडात तंबाखू धरणारे, मळणारे, दाताला लावणारे २४.४ टक्के. काही जण दोन्ही करतात. म्हणजे पेटत्या सिगारेटवर लाल फुली मारलेलं पोस्टर गावच्या चावडीवर लावलं, तर बहुतेक तंबाखूवाले ते पाहून म्हणतील, “आपलं नाही हे.” आणि म्हणतातही. चुना-तंबाखू मळणाऱ्या एका वाहकदादांनी मला अगदी मनापासून सांगितलं होतं, “मॅडम, मी सिगारेटला कधी शिवलो नाही, मला व्यसन नाही.”

मिश्री लावणाऱ्या बायकांचं तर आणखी वेगळं. तंबाखू भाजून, कुटून दाताला लावायची, दात स्वच्छ होतात म्हणून. ती आईकडून, सासूकडून आलेली असते आणि तिला कोणी तंबाखू म्हणतच नाही. “तंबाखू खाता का?” या प्रश्नाला मावशी खरेपणाने ‘नाही’ म्हणतील. “सकाळी दात कशाने घासता, दिवसातून किती वेळा?” असं विचारलं की सगळं कळतं. मुंबईत गरोदर बायकांवर झालेला एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने कमी वजनाची होती. ‘तंबाखूने कॅन्सर होतो’ हे वाक्य ज्या सुनेला परकं वाटतं, तिला बाळाचं वजन परकं वाटत नाही. अंगणवाडीच्या काट्यावर ती ते दर महिन्याला पाहते.

ओढणाऱ्यांतही एकच गट नाही. विडीवाला आणि सिगारेटवाला यांचे पैसे, मित्र, वेळा आणि लाजा सगळंच निराळं असतं. सोलापूरसारख्या शहरात आणखी एक पेच आहे. तिथे हजारो बायका घरात विड्या वळून संसार चालवतात. ‘विडी म्हणजे विष’ असं त्या गल्लीत जाऊन ओरडलं, तर आपण त्यांच्या हातातल्या कामालाच विष म्हणतो. तिथे आधी बायकांशी बोलावं लागतं, तंबाखूच्या धुळीने त्यांना स्वतःला काय होतं ते ऐकावं लागतं. तिथून वाट निघते.

किती लोकांशी बोलायचं?

मोजायचं असेल, म्हणजे ‘किती टक्के’ असा प्रश्न असेल, तर नीट नमुना निवडून शेकड्यांनी लोक लागतात. ते जाणकाराच्या मदतीने करा. ‘का’ आणि ‘कसं’ समजून घ्यायचं असेल, तर एका प्रकारच्या आठ-दहा माणसांशी निवांत बोललं तरी पुष्कळ कळतं. नवीन माणूस नवीन काही सांगेनासा झाला की थांबायचं. फक्त आठही जण एकाच टपरीवरचे नकोत.

प्रश्न कसे विचारावेत?

‘तुम्ही का ओढता?’ हा प्रश्न टाळा. तो चौकशीसारखा वाटतो आणि उत्तर ठरलेलं येतं : “टेन्शन.” त्याऐवजी कालचा दिवस विचारा. “दादा, काल सकाळी उठल्यापासून सांगा ना, पहिली कधी पेटवली?” माणूस कालचा दिवस सांगायला लागला की गोष्टी आपोआप बाहेर येतात. चहाबरोबर एक. साहेब ओरडला तेव्हा एक. लोकलमधून उतरल्यावर एक. रात्रपाळीत तीन वाजता झोप आवरत नाही तेव्हा दोन. ही यादी म्हणजेच त्या माणसाचा नकाशा.

मग मागच्या प्रयत्नाकडे या. ‘कधी सोडली होती का?’ याला बहुतेकांचं उत्तर ‘हो’ असतं. तेव्हा ‘मग परत का सुरू केली?’ असं विचारू नका, तो टोमणा होतो. “किती दिवस काढलेत?” विचारा. अकरा दिवस काढले असतील तर आधी त्या अकरा दिवसांबद्दल विचारा : काय केलंत, कोणाला सांगितलं होतं, तल्लफ आली की हात कुठे जायचा? जो अकरा दिवस काढू शकला, त्याच्याकडे अकरा दिवसांची विद्या आहे. ती आपण त्याच्याकडूनच शिकायची असते. त्यानंतर बाराव्या दिवशी काय घडलं ते तो स्वतःच सांगतो. लग्नाची वरात, मयत, दारूची बैठक, बायकोशी भांडण, आणि फार वेळा, “मित्राने पुढे केली, नाही कसं म्हणणार?”

पैशाचं विचारताना महिन्याचा हिशेब त्यालाच करू द्या, तुम्ही आकडा सांगू नका. सुट्टी सिगारेट घेणाऱ्याला आपण किती खर्च करतो हे कधी एकत्र दिसतच नाही. महाराष्ट्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर बंदी घातली, त्यामागचं एक कारण हेच की सुट्टी मिळाली की पाकिटावरचा इशाराही दिसत नाही आणि किंमतही टोचत नाही.

शब्द त्याचेच वापरा. तो ‘झुरका’ म्हणत असेल तर तुम्ही ‘धूम्रपान’ म्हणू नका. तो ‘तल्लफ’ म्हणतो, ‘डोकं बधिर होतं’ म्हणतो, ‘हाताला चैन नसते’ म्हणतो. हे तीन त्रास एक नाहीत. पहिल्यावर निकोटिनचं च्युइंगगम किंवा डॉक्टरांनी दिलेलं औषध उपयोगी पडेल, तिसऱ्यावर कदाचित खिशातली बडीशेपेची डबीही पुरेल. शब्द बदलून लिहिलात तर हा फरक कागदावर येतच नाही.

लोक खरं सांगतात का?

पूर्ण नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पांढरा कोट घालून विचारलं की आकडा निम्म्यावर येतो. बायको शेजारी बसली असेल तर आणखी खाली. म्हणून जागा बदला, एकटं गाठा, ‘किती’च्या आधी ‘केव्हा केव्हा’ विचारा. सुटली की नाही हे तपासायचं असेल तेव्हा श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजणारं छोटं यंत्र असतं, लाळेतून किंवा लघवीतून कोटिनिन (निकोटिनपासून शरीरात तयार होणारा पदार्थ) तपासता येतं. पण यंत्र पकडण्यासाठी आणलंय असं वाटलं, की माणूस पुन्हा येत नाही. मी ते यंत्र नेहमी बक्षिसासारखं वापरते. सोडून आठवडा झालेल्याला त्याचाच आकडा खाली आलेला दाखवायचा. चेहरा पाहण्यासारखा असतो.

भीती दाखवावी की नाही?

दाखवावी, पण तिच्या हाताला धरून वाटही दाखवावी. २००९ च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये सहा आठवडे देशभर एक मोहीम चालली होती. त्यात तोंडाचा कॅन्सर झालेले खरे रुग्ण आणि मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले शल्यचिकित्सक दिसत होते. नंतर सुमारे २,९०० तंबाखू घेणाऱ्यांना विचारलं गेलं. फक्त धूरविरहित तंबाखू घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना ती जाहिरात आठवत होती, आणि ती पाहिलेल्यांपैकी ७५ टक्के जण म्हणाले की आपल्या सवयीची काळजी वाटली. भीती काम करते, ती नुसती उगाच नसते.

पण ‘काळजी वाटली’ आणि ‘सोडली’ यांच्यामध्ये मोठं अंतर असतं. त्या अंतरात माणसाला काही धरायला मिळालं नाही, तर तो नजर वळवतो. पाकिटावरचं चित्र पाहून अंगठ्याने झाकणारे, विशिष्ट चित्र नसलेलं पाकीट टपरीवाल्याकडे मागून घेणारे लोक मी पाहिले आहेत. २०१८ च्या सप्टेंबरपासून पाकिटांवर मोफत क्विटलाइनचा, म्हणजे तंबाखू सोडायला फोनवरून मदत करणाऱ्या सेवेचा, १८००-११-२३५६ हा नंबर छापला जाऊ लागला, ते माझ्या मते चित्राइतकंच महत्त्वाचं पाऊल होतं. त्याच वर्षी मुंबईचं टाटा मेमोरियल, बंगळुरूचं निम्हान्स आणि गुवाहाटीचं बरुआ कॅन्सर इन्स्टिट्यूट ही केंद्रं जोडली गेली आणि अधिक भाषांत बोलण्याची सोय झाली. तुमच्या पोस्टरवर जागा कमी असेल तर फुप्फुसाचं चित्र लहान करा, नंबर मोठा ठेवा.

कॉलेजच्या मुलांना काय सांगावं?

वीस वर्षांनी होणाऱ्या आजाराबद्दल शक्यतो काही नाही. १९९८ मध्ये अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्याने ‘ट्रुथ’ मोहीम आखताना किशोरवयीन मुलांनाच बोलावलं. मुलांनी सांगितलं की आम्हाला ‘ओढू नका’ असं सांगू नका, आम्हाला कोण फसवतंय ते सांगा. बंडाची खुमखुमी सिगारेटकडून काढून कंपनीविरुद्ध वळवली. दोन वर्षांत तिथल्या ‘मिडल स्कूल’मधल्या, म्हणजे साधारण सहावी ते आठवीच्या मुलांमधलं धूम्रपान १८.५ वरून ११.१ टक्क्यांवर आलं. त्याच काळात फिलिप मॉरिस कंपनीनेही ‘विचार कर, ओढू नकोस’ अशा अर्थाची मोहीम चालवली. पुढच्या संशोधनात दिसलं की ती पाहिलेल्या मुलांच्या मनात तंबाखू कंपन्यांबद्दल उलट जास्त चांगलं मत तयार झालं होतं. मोठ्यांच्या तोंडचा उपदेश आणि मुलांनी स्वतः शोधलेला राग यात इतका फरक असतो.

पोस्टर किंवा व्हिडिओ तयार झाल्यावर पुन्हा विचारायची गरज आहे का?

आहे, आणि हाच टप्पा सगळे गाळतात. छपाईला देण्याआधी साधी प्रिंट काढून दहा जणांना दाखवा. “आवडलं का?” विचारू नका, ते ‘छान आहे’च म्हणतील. विचारा की “हे कोणासाठी काढलंय असं वाटतं?” “हे पाहून तुम्ही आता काय कराल?” “यातलं कुठलं वाक्य खटकलं?” आम्ही एकदा रिक्षाचालकांसाठी एक पत्रक केलं होतं, त्यावर ‘तुमच्या मुलांचा विचार करा’ असं वाक्य होतं. आम्हाला ते फार भिडणारं वाटत होतं. स्टँडवर दाखवलं तर एक चालक शांतपणे म्हणाले, “ताई, बारा तास रिक्षा त्यांच्यासाठीच चालवतो.” ते वाक्य त्याच दिवशी काढलं. त्या जागी त्यांनीच सांगितलेलं घातलं : सिग्नलला तल्लफ आली तर पाच मिनिटं काय करायचं. तल्लफेची एक लाट साधारण काही मिनिटांतच ओसरते. तेवढा वेळ पाण्याचे घोट, लवंग, किंवा एखाद्याला फोन. पुढचं भाडं मिळेपर्यंत ती गेलेली असते.

यश कसं मोजायचं?

किती पत्रकं वाटली यावरून नाही. किती जणांनी तारीख ठरवली, किती जणांनी नंबर फिरवला, एका महिन्यानंतर किती जण बिनविडीचे आहेत आणि सहा महिन्यांनी किती. मोहिमेआधीचा आकडा घेतला नसेल तर नंतरच्या आकड्याला काही अर्थ उरत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी मोजा. जे परत सुरू करतात त्यांनाही भेटा. पुढच्या मोहिमेचे सगळ्यांत चांगले धडे त्यांच्याकडे असतात.

माणसं आपलं खासगी सांगतात. काय काळजी घ्यावी?

नाव लिहू नका, खुणा लिहू नका, विचारल्याशिवाय रेकॉर्डिंग नको. कामगाराने सांगितलेलं सुपरवायझरपर्यंत जाता कामा नये आणि सुनेने सांगितलेलं सासूपर्यंत. मुलांशी बोलायचं तर पालकांची आणि शाळेची परवानगी घ्या. आणि माहिती घेऊन निघून जाऊ नका. तासभर बोलून ज्याच्या मनात सोडायचा विचार जागा केला, त्याच्या हातात नंबर, जवळच्या केंद्राचा पत्ता किंवा पुढच्या भेटीचा दिवस देऊनच उठा. हे न करणं मला फसवणूक वाटते.

आमच्याकडे पैसे नाहीत, वेळ नाही. तरी करावं का?

करावं. दोन कार्यकर्ते, एक वही, दोन संध्याकाळी. एक कारखान्याच्या गेटजवळच्या टपरीवर, एक वस्तीत. दहा माणसांचा ‘कालचा दिवस’ लिहून आणा आणि सगळे मिळून मोठ्याने वाचा. पोस्टरवर काय लिहायचं हे तुम्हाला त्या वाचनातच सापडेल.

मला मोहीम नाही काढायची. फक्त माझ्या वडिलांची सिगारेट सुटायला हवी. मी काय करू?

तुमचा अभ्यास एकाच माणसाचा आहे, पण पद्धत तीच. एक आठवडा त्यांना काही बोलू नका. रुसवा नाही, पाकीट लपवणं नाही, व्हॉट्सॲपवर कॅन्सरचे व्हिडिओ पाठवणं नाही. फक्त लक्ष ठेवा : कुठली सिगारेट ते घाईघाईने ओढतात आणि कुठली चवीने. उठल्यावर पाच मिनिटांत पहिली लागते का? लागत असेल तर निकोटिनचं अवलंबित्व जास्त आहे, म्हणजे नुसत्या इच्छाशक्तीवर सोपवू नका, डॉक्टरांची आणि औषधाची मदत आधीच ठरवून ठेवा.

मग दोघंच असाल अशी वेळ पाहून विचारा, “बाबा, याआधी सोडली होती तेव्हा किती दिवस काढले होते?” आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. ते कदाचित विषय बदलतील. बदलू द्या. दोन दिवसांनी ते स्वतःच म्हणतील, “तेव्हा ना, तुझी आजी आजारी होती...”